क्रमांक नको, साल सांगा

छायाचित्राच्या मर्यादित आवृत्तीचा विषय निघाला की वाद दोन ठरलेल्या वाटांनी जातो. एका पक्षाच्या मते, ज्या माध्यमात एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येतात तिथे पंचवीस प्रतींवर थांबणे आणि त्या थांबण्याचेच पैसे घेणे ही उघड व्यापारी क्लृप्ती आहे. त्यातही छायाचित्र अतिवास्तववादी असेल, म्हणजे बाजाराच्या आणि सुसंस्कृतपणाच्या सगळ्या शिष्टाचारांची टिंगल करणाऱ्या चळवळीतून आलेले असेल, तर ती क्लृप्ती विनोदीही आहे. दुसरा पक्ष विचारतो, दुर्मिळताच काढून घेतली तर कलाकृती आणि भिंतीवरचे छापील पोस्टर यांत फरक तो काय उरला? मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात अतिवास्तववादी कलाकार मॅन रे यांच्या १९२४ सालच्या ‘ल व्हिओलाँ दँग्र’ या छायाचित्राची एक प्रत सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरना विकली गेली. लिलावात इतकी किंमत तोवर कोणत्याही छायाचित्राला मिळाली नव्हती. दोन्ही पक्षांना हा आपल्याच बाजूचा पुरावा वाटावा, यात नवल नाही. मात्र एका साध्या गोष्टीकडे दोघांचेही लक्ष गेलेले दिसत नाही. ती प्रत कोणत्याही क्रमांकित आवृत्तीतली नव्हती. पंचवीसपैकी सातवी किंवा आठपैकी दुसरी असे काही तिच्याबद्दल म्हणता येत नव्हते. तिला किंमत आली ती ती कोणी काढली, केव्हा काढली आणि कोणाच्या हातून कोणाकडे गेली यामुळे.

म्हणून मत आधीच मांडून ठेवणे बरे. मर्यादित आवृत्ती ही फसवणूक नाही, पण कलेची खूणही नाही. ते एक वचन आहे, आणि वचनाची किंमत ते देणाऱ्यावर अवलंबून असते. हयात कलाकाराने स्वतःच्या प्रतींवर घातलेल्या क्रमांकाला अर्थ आहे. कलाकाराच्या मृत्यूनंतर वारसांनी किंवा प्रकाशकांनी काढलेल्या प्रतींवरचा क्रमांक मात्र बहुतेकदा चुकीच्या गोष्टीची मोजदाद करतो. अशा प्रतींवर क्रमांक घालण्याची रीत बंद करावी, आणि त्या जागी प्रत काढल्याचे साल, काढणाऱ्याचे नाव आणि ती कशावरून काढली याची नोंद ठळकपणे द्यावी. अतिवास्तववादी छायाचित्रांच्या बाबतीत तर हे इतर कुठल्याही छायाचित्रांपेक्षा अधिक निकडीचे आहे.

क्रमांक घालण्याची रीत छायाचित्रकारांची नव्हे. ती एचिंग (कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरचे छापे) आणि लिथोग्राफ (दगडावरचे छापे) छापणाऱ्यांकडून उसनी घेतलेली आहे. तांब्याच्या पत्र्यावरच्या रेषा प्रत्येक छाप्यागणिक झिजतात. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे पत्र्यावर थेट सुईने कोरण्याच्या पद्धतीत, वर उचकटलेली तांब्याची कड रेषेला मखमली काळेपणा देते, आणि ती कड काही डझन छाप्यांतच दबून जाते. रेम्ब्रांटचे पत्रे त्याच्या मृत्यूनंतर शतकभराहून अधिक काळ एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरले, पुन्हा कोरले गेले, पुन्हा छापले गेले, आणि त्या उशिराच्या छाप्यांत त्याच्या गडद सावल्या राखाडी होऊन गेल्या. पहिला छापा आणि शेवटचा छापा यांतला फरक तिथे डोळ्यांना दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुद्रक मोजून छापू लागले आणि काम संपल्यावर पत्र्यावर आडव्या रेघा मारून तो बाद करू लागले, तेव्हा त्या संख्येमागे धातूची मर्यादा उभी होती. निगेटिव्ह असे झिजत नाही. काळजीने हाताळले तर त्याची शंभरावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ निघू शकते. मग छायाचित्राच्या आवृत्तीची संख्या येते कुठून? युरोपीय संघाच्या मूल्यवर्धित करविषयक नियमात छायाचित्र हे कलाकृती म्हणून कधी धरावे याची व्याख्या आहे: ते कलाकाराने घेतलेले, त्याने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेले, त्याची सही व क्रमांक असलेले, आणि सर्व आकार मिळून ३० प्रतींपुरते मर्यादित असावे. ३० ही संख्या डार्करूममध्ये जन्मलेली नाही; ती कर आकारण्याच्या सोयीची आहे. तरीही त्या करनियमात एक शहाणपण आहे, जे कलाव्यवहारात अनेकदा हरवते. कलाकाराचा हात किंवा त्याची देखरेख ही अट त्यात संख्येच्या आधी येते.

इथवर वाचून पहिल्या पक्षाला आपला विजय झाल्यासारखे वाटेल. त्यांचा आधार जुना आणि भारदस्त आहे. छायाचित्राच्या निगेटिव्हवरून कितीही प्रती निघत असल्याने ‘अस्सल’ प्रत कोणती हे विचारण्यात अर्थ नाही, असे जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर म्हटले होते, आणि तेव्हापासून ते वाक्य न वाचताही उद्धृत होत आले आहे. तत्त्व म्हणून ते आकर्षक आहे. पण ज्या छायाचित्रांचा हा वाद आहे त्यांच्याजवळ जाऊन पाहिले की ते टिकत नाही. मॅन रे यांनी १९२२ पासून कॅमेऱ्याशिवाय, प्रकाशसंवेदी कागदावर थेट वस्तू ठेवून आणि दिवा लावून जी चित्रे केली, ती रेयोग्राफ नावाची चित्रे घ्या. त्यांना निगेटिव्हच नाही. कागदावर किल्ली, स्प्रिंग, बोटे यांच्या सावल्या एकदाच पडल्या आणि ते चित्र तिथेच एकमेव झाले. ‘ल व्हिओलाँ दँग्र’मध्ये किकी या मॉडेलच्या पाठीवर व्हायोलिनच्या दोन छिद्रांची चिन्हे दिसतात, पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या प्रतीवर ती पेन्सिलीने आणि शाईने हाताने काढलेली आहेत. ती निगेटिव्हमध्ये नाहीतच. छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांच्या १९४८ च्या ‘दाली अॅटॉमिकस’मध्ये हवेत उडणाऱ्या मांजरी, पाण्याचा झोत आणि उडी मारलेला चित्रकार साल्वादोर दाली जमून येण्यासाठी २८ वेळा सगळे फेकावे लागले, आणि तरीही जे छापले गेले ते निगेटिव्हवर उमटलेले नव्हते, तारा आणि खुर्ची धरणारा हात नंतर काढून टाकला गेला, रिकाम्या चित्रचौकटीत चित्र घातले गेले. मग या चित्रांत निगेटिव्ह म्हणजे चित्र, हे समीकरण कसे लावायचे? अतिवास्तववाद्यांनी निगेटिव्ह हा कच्चा माल मानला आणि प्रत काढताना चित्र घडवले. म्हणूनच प्रती सारख्या नसतात, आणि म्हणूनच कोणती प्रत कोणाच्या हातची हा प्रश्न सौंदर्याचा आहे, केवळ किमतीचा नाही. अॅन्सेल अॅडम्स निगेटिव्हला स्वरलेखन आणि प्रतीला सादरीकरण म्हणत. ते स्वतः अतिवास्तववादाच्या अगदी विरुद्ध टोकाचे छायाचित्रकार, पण हे विधान मॅन रे यांना अधिक चपखल बसते.

आता दुसऱ्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. अतिवास्तववादी काही संख्येचे शत्रू नव्हते. मॅन रे यांनी १९२२ साली कवी त्रिस्तान त्झारा यांच्या प्रस्तावनेसह बारा रेयोग्राफांचा ‘शाँ देलिस्यो’ हा संच काढला तो ४० प्रतींचा. एकमेव असलेल्या चित्रांची त्यांनी पुन्हा छायाचित्रे घेतली आणि त्यांच्या मोजक्या प्रती केल्या. एकमेवपणा आणि आवृत्ती यांना एकाच पुठ्ठ्यात बसवण्याचा हा खोडकरपणा त्यांना शोभणाराच होता. कलाकार मार्सेल द्युशाँ यांनी १९६४ मध्ये मिलानच्या आर्तुरो श्वार्झ यांच्या कलादालनातर्फे आपल्या जुन्या ‘रेडीमेड’ वस्तूंच्या, म्हणजे कलाकृती म्हणून मांडलेल्या तयार वस्तूंच्या, प्रत्येकी आठ प्रतींच्या आवृत्त्या काढू दिल्या, आणि त्यांत १९१७ साली गाजलेले, मूळचे केव्हाच हरवलेले ते मूत्रपात्रही होते. मॅन रे यांची डोळ्याचे छायाचित्र लावलेल्या मेट्रोनोमची (संगीतात लय दाखवणाऱ्या यंत्राची) कृती १९५७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनातून विद्यार्थ्यांनी पळवून नष्ट केली, तेव्हा त्यांनी तिची १०० नगांची आवृत्ती करून तिला ‘अविनाशी वस्तू’ असे नाव दिले. निर्मिती दैवी आहे आणि पुनर्निर्मिती मानवी, अशा अर्थाचे त्यांचे वचन प्रसिद्ध आहे. तेव्हा मर्यादित आवृत्ती अतिवास्तववादाच्या आत्म्याशी विसंगत आहे, हा पहिल्या पक्षाचा आवडता टोमणा इतिहासात बसत नाही, हे मान्यच करावे लागेल.

मात्र त्या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. संख्या ठरवणारा माणूस जिवंत होता, आणि ती ठरवणे हा त्याच्या कृतीचाच भाग होता. चळवळीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ही छायाचित्रे मुख्यतः नियतकालिकांसाठी निघाली. डिसेंबर १९२४ मध्ये सुरू झालेले ‘ला रेव्होल्युस्याँ स्युररेआलिस्त’ हे नियतकालिक मुद्दाम एका विज्ञानपत्रिकेसारखे दिसेल असे मांडले होते, आणि छायाचित्रे त्यात पुराव्यासारखी येत. त्याच्या जून १९२६ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर पॅरिसचे छायाचित्रकार युजीन आत्जे यांचे ग्रहण पाहणाऱ्या गर्दीचे १९१२ मधले छायाचित्र आले, तेव्हा आत्जे यांनी आपले नाव छापू नका, ही नुसती दस्तऐवजी चित्रे आहेत, असे सांगितले. छायाचित्रकार डोरा मार यांचे ‘२९ र्यू दास्तोर’ हे चित्र १९३७ मध्ये अतिवास्तववादी पोस्टकार्डांच्या मालिकेत निघाले, म्हणजे टपालाचे तिकीट लावून कुणालाही पाठवता येईल असे. न्यूयॉर्कमध्ये ज्युलियन लेव्ही यांनी १९३१ मध्ये दालन उघडून ही छायाचित्रे कलाकृती म्हणून विकायचा प्रयत्न केला, तर गिऱ्हाइके जवळजवळ नव्हतीच. ज्या प्रतींना आज ‘व्हिंटेज’, म्हणजे चित्र घेतले त्याच सुमारास काढलेल्या, म्हणून सोन्याचा भाव येतो, त्यांतल्या अनेक प्रती संपादकाच्या टेबलावरून आलेल्या आहेत. त्यांच्या मागे कापणीच्या सूचना आणि शिक्के असतात. त्या थोड्याच उरल्या, कारण त्या कुणी जपण्याजोग्या मानल्या नाहीत. त्या दुर्मिळतेला इतिहास आहे. आज एखाद्या प्रयोगशाळेत ३० प्रती काढून थांबल्याने जी दुर्मिळता तयार होते तिला केवळ निर्णय आहे. दोन्हींना एकच शब्द वापरणे हीच खरी गफलत.

कलाकाराच्या मृत्यूनंतर काय होते ते पाहिले की ही गफलत किती महाग पडते ते कळते. मॅन रे १९७६ मध्ये गेले, आणि त्यांची १२,००० हून अधिक निगेटिव्ह पुढे पॉम्पिदू केंद्राकडे गेली. छायाचित्रकार ली मिलर १९७७ मध्ये गेल्या, तेव्हा ससेक्समधल्या त्यांच्या घराच्या माळ्यावर मुलाच्या कुटुंबाला निगेटिव्ह आणि छायाचित्रांचा मोठा साठा सापडला. सोलरायझेशनचे (चित्र विकसित होत असतानाच त्यावर पुन्हा प्रकाश पाडण्याचे) तंत्र मॅन रे यांच्यासोबत घडवणारी, १९३७ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात फाटक्या जाळीतून दिसणाऱ्या अवकाशाचे ते विलक्षण चित्र घेणारी ही कलावती आज जगाला माहीत आहे, ती वारसांनी तो साठा जपल्यामुळे. इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी ठेवणे, त्यांची सूची करणे, संशोधकांना दाखवणे यांना पैसा लागतो, आणि तो पैसा आधुनिक प्रतींच्या विक्रीतून येऊ शकतो. क्रमांक काढून टाकला तर किंमत उतरेल आणि शेवटी नुकसान त्या साठ्याचेच होईल. हा आक्षेप खोटा नाही; क्रमांकामुळे ग्राहक घाई करतो आणि जास्त देतो, हे व्यवहारातले सत्य आहे. पण चांगल्या हेतूसाठी पैसा उभा करायचा म्हणून वस्तूचे वर्णन अर्धे ठेवायचे, हा युक्तिवाद आपण दुसऱ्या कोणत्या व्यवहारात चालवून घेऊ? शिवाय उत्तम मरणोत्तर प्रत तयार करणे हे खरे कौशल्याचे काम आहे. छायाचित्रकार बेरेनिस अॅबट यांनी आत्जे यांची निगेटिव्ह वाचवली आणि त्यांवरून स्वतः प्रती काढल्या, त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात आणि तशाच अभ्यासल्या जातात. आत्जे सोनेरी-तपकिरी छटेच्या, उन्हात उमटवलेल्या कागदावर काम करत. पुढच्या काळातल्या जिलेटिन कागदावरची प्रत तशी दिसणारच नाही. अॅबट यांच्या प्रती आत्जे यांच्याच असल्याचे भासवले असते तर दोघांचाही अपमान झाला असता.

आकाराचाही प्रश्न यातच येतो, आणि माझ्या मते त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. फ्रेंच कलावती क्लोद काहून यांची स्वतःला वेगवेगळ्या रूपांत मांडणारी चित्रे बहुतेक तळहातात मावतील एवढ्या लहान प्रतींत राहिली; ती प्रदर्शनाच्या भिंतीसाठी नव्हतीच, घरातल्या दोघींच्या, म्हणजे त्या आणि त्यांच्या जोडीदार यांच्या, नजरेसाठी होती. १९५४ मध्ये त्या गेल्या आणि जगाने त्यांना ओळखले ते १९८० च्या दशकात. असे चित्र मीटरभर मोठे करून, पांढऱ्याशुभ्र कागदावर पिगमेंट शाईने छापून, खाली ‘३० पैकी ४’ लिहिले, तर त्या आकड्याने आपल्याला नेमके काय सांगितले? चित्राचा जवळिकीचा स्वर गेला, कागद बदलला, तंत्र बदलले, ठरवणारा माणूस बदलला, आणि या चार बदलांपैकी एकही त्या आकड्यात नाही.

बनावटगिरीचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. क्रमांक आणि सही हे खरेपणाचे रक्षक आहेत, असे मर्यादित आवृत्तीचे समर्थक सांगतात. पण १९७४ मध्ये फ्रान्सच्या सीमेवर अंदोराकडे जाणारी एक गाडी अडवली गेली, तेव्हा तिच्यात साल्वादोर दाली यांची सही असलेले सुमारे ४०,००० कोरे कागद सापडले होते. अस्सल सही, वर चित्र नाही. त्यांच्यावर जे काही पुढे छापले जाईल त्याला सही होती आणि क्रमांकही घालता आलाच असता. १९९० च्या दशकात एका जर्मन संग्राहकाने मॅन रे यांच्या मूळ काळातल्या म्हणून मोठ्या रकमेला घेतलेल्या अनेक प्रती बनावट निघाल्या, आणि ते उघड झाले कागदावरून: तो कागद कितीतरी नंतरच्या काळातला होता. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत छायाचित्रकार लुईस हाइन यांच्या नावाने विकल्या गेलेल्या प्रतींबद्दलही तसेच घडले. हाइन १९४० मध्ये वारले होते, पण त्यांतल्या कित्येक प्रतींचा कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकत होता, कारण त्यात कागद उजळ दिसावा म्हणून १९५० च्या दशकापासून घातली जाणारी रसायने होती. म्हणजे दोन्ही वेळा सत्य सांगितले ते प्रतीच्या वयाने. मग जी माहिती शेवटी न्यायनिवाडा करते ती मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आणि जी काहीच सिद्ध करत नाही ती पुढे चित्राखाली, ही उलटी मांडणी का?

क्रमांकाचे वचन कायद्यात किती टिकते तेही पाहण्यासारखे आहे. २०१२ मध्ये अमेरिकी छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांनी आपल्या जुन्या, मर्यादित आवृत्तीत विकल्या गेलेल्या काही चित्रांच्या मोठ्या आकाराच्या डिजिटल प्रती लिलावात विकल्या. ३६ प्रतींना मिळून ५९ लाख डॉलर आले. जुन्या डाय-ट्रान्सफर (रंगीत छपाईच्या एका जुन्या तंत्राने काढलेल्या) प्रती बाळगणारा एक संग्राहक न्यायालयात गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला: आकार वेगळा, तंत्र वेगळे, म्हणून ही नवी आवृत्ती आहे आणि जुन्या आवृत्तीचे वचन मोडलेले नाही. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून योग्यच वाटतो. पण त्याचा अर्थ ग्राहकाने नीट समजून घ्यावा. ‘मर्यादित’ म्हणजे या चित्राच्या प्रती मर्यादित, असे नव्हे. या चित्राच्या या आकाराच्या, या तंत्राच्या प्रती मर्यादित, एवढेच. एगल्स्टन तेव्हा हयात होते, निर्णय त्यांचा होता. कलाकार नसताना वारस, प्रकाशक आणि परवानाधारक यांच्यापैकी कोण नवा आकार, नवा कागद, नवी आवृत्ती काढणार नाही याची हमी तो आकडा देत नाही.

तरीही शेवटचा प्रतिवाद उरतोच: हे सगळे तर्काने ठीक, पण बाजार क्रमांकावरच चालतो, आणि क्रमांक नसलेल्या छायाचित्राला कोणी गंभीरपणे घेणार नाही. हे खरे असते तर अॅडम्स यांच्या ‘मूनराइज’चे काय झाले असते? न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे हे १९४१ चे छायाचित्र त्यांनी पुढच्या जवळजवळ चार दशकांत हजाराहून अधिक वेळा स्वतः छापले. आवृत्ती नाही, मर्यादा नाही, क्रमांक नाही. दुसऱ्या पक्षाच्या तर्काने ते पोस्टरच्या भावाने विकले जायला हवे. २००६ मध्ये त्याची १९४८ साली काढलेली एक प्रत ६ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. अॅडम्स यांनी आकाश वर्षांगणिक अधिक काळे करत नेले, म्हणून सुरुवातीच्या आणि उशिराच्या प्रती डोळ्यांनी ओळखता येतात, आणि ग्राहक त्या फरकाची किंमत देतात. याचा अर्थ सालावर चालणारा बाजार काल्पनिक नाही, तो चालू आहे. ‘ल व्हिओलाँ दँग्र’ची विक्रमी प्रतही त्याच हिशेबाने विकली गेली. मरणोत्तर प्रतींच्या प्रकाशकांनी तो हिशेब मान्य करायचा म्हटले तर फार काही करावे लागणार नाही: मूळ निगेटिव्हवरून की जुन्या प्रतीच्या स्कॅनवरून, चांदीच्या कागदावर की पिगमेंट शाईने, मूळ प्रतीच्या किती पट आकारात, कोणत्या साली आणि कोणाच्या हातून, एवढे चित्राच्या खाली, जिथे आज अपूर्णांकाचे चिन्ह असते तिथे लिहावे. त्याने काही प्रतींची किंमत उतरेल हे उघड आहे. पण ज्यांची उतरेल, त्यांची किंमत आज कशाबद्दल घेतली जात आहे, हे प्रकाशकांना विचारायला ग्राहकाने संकोच का करावा?